कारखान्याच्या जागी घरे : पण जमिनीखाली काय आहे?

आपल्या गावाचा विकास आराखडा तुम्ही कधी पाहिला आहे काय? नगरपालिकेच्या नगररचना विभागात असा एखादा मोठा रंगीत नकाशा असतो. पिवळा रंग म्हणजे राहण्याची वस्ती, निळा म्हणजे दुकाने व कचेऱ्या, हिरवा म्हणजे बागा आणि मैदाने, जांभळा म्हणजे कारखाने. कोणत्या जागेवर काय बांधता येईल, ते हा रंग ठरवतो. जांभळ्या पट्ट्यात तुम्हाला शाळा किंवा बंगला बांधता येत नाही. तो बांधायचा असेल तर आधी नकाशाचा रंग बदलून घ्यावा लागतो.

रंग बदलण्याची रीत ठरलेली आहे. प्रस्ताव मांडायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि ठराव करायचा. शेवटी एका संध्याकाळी सभागृहात हात वर होतात आणि जांभळ्याचे पिवळे होते. नकाशाखालच्या जमिनीला मात्र हा ठराव कळत नाही. तिच्यात जे मुरले आहे ते मुरलेलेच राहते. हे कसे घडते आणि अशा जागी राहता येते की नाही, हे समजून घेण्यासाठी आपण जरा दूरच्या एका शहरात जाऊ या.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटरवर माउंटन व्ह्यू नावाचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८२,३७६ होती. महानगराच्या कडेने वाढलेले हे उपनगरी शहर. बैठी घरे, घरापुढे हिरवळ आणि मोटारींसाठी रुंद रस्ते. तुमच्यापैकी कुणाचे काका किंवा मावशी तिकडे नोकरीला असतील तर हे नाव तुम्ही ऐकलेही असेल, कारण त्या खोऱ्यात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत.

शंभर वर्षांपूर्वी तेथे फळबागा होत्या. जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी यांसाठी सँता क्लाराचे हे खोरे प्रसिद्ध होते. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरच्या संशोधकांपैकी एक, विल्यम शॉकली, यांनी माउंटन व्ह्यू येथे प्रयोगशाळा काढली. पुढच्याच वर्षी त्यांचे आठ सहकारी त्यांना सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी स्थापन केली. १९६८ मध्ये फेअरचाइल्डमधून बाहेर पडलेल्या दोघांनी इंटेल काढली. तिची पहिली इमारत माउंटन व्ह्यूमध्येच मिडलफील्ड रोडवर होती. बघता बघता फळबागा गेल्या आणि सिलिकॉनच्या चकत्यांवर विद्युत्-मंडले कोरणारे कारखाने आले.

हे कारखाने गिरणीसारखे दिसत नसत. त्यांना धुराडी नव्हती, भोंगे नव्हते. आत पांढरे झगे घातलेले कामगार, बाहेर कातरलेली हिरवळ. अगदी स्वच्छ उद्योग म्हणून शहरांनी त्यांचे स्वागत केले. आणि ते स्वच्छ होतेही, पण एका विशिष्ट अर्थाने. सिलिकॉनच्या चकतीवर तेलाचा किंवा धुळीचा कणही चालत नाही, म्हणून त्या चकत्या व यंत्रांचे भाग पुनःपुन्हा धुवावे लागत. साबणपाण्याने हे काम होत नाही. त्यासाठी वापरत ते ट्रायक्लोरोएथिलीन आणि त्याच्या नात्यातले इतर द्रावक. चकती स्वच्छ होई, द्रावक घाण होई, आणि ते घाण द्रावक साठवायला टाक्या लागत. आगीच्या भीतीने अशा टाक्या जमिनीखाली पुरण्याची तेव्हा पद्धत होती. पुरलेली टाकी गळू लागली तर ते कुणाला दिसणार?

ते पहिल्यांदा ठळकपणे दिसले शेजारच्या सॅन होजे शहरात. १९८१ च्या अखेरीस तेथील फेअरचाइल्डच्या एका कारखान्यातील भूमिगत टाकी गळत असल्याचे आढळले. गळालेला द्रावक जवळच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पोचला होता. १९८२ च्या जानेवारीत ही बातमी लोकांना कळली आणि खोऱ्यात एकच खळबळ उडाली. मग इतर कारखान्यांच्या टाक्याही तपासण्यात आल्या, आणि ठिकठिकाणी गळती सापडत गेली. माउंटन व्ह्यूमध्ये मिडलफील्ड रोड, एलिस स्ट्रीट आणि व्हिस्मन रोड या रस्त्यांच्या परिसरात फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन अशा अनेक कंपन्यांच्या गळती जमिनीखाली एकमेकींत मिसळून सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा दूषित भूजलाचा पट्टा तयार झाला होता.

आता या ट्रायक्लोरोएथिलीनची ओळख करून घेऊ. त्याच्या रेणूत दोन कार्बन, तीन क्लोरीन आणि एक हायड्रोजन असे सहा अणू असतात. ते रंगहीन, किंचित गोडसर वासाचे द्रव आहे. ८७ अंश सेल्सिअसला ते उकळते, पण आपल्या नेहमीच्या तापमानालाही कापरासारखे उडून जाते. त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट, म्हणजे १.४६ आहे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच होतो.

घरी एक साधा प्रयोग करून पाहा. दोन पेले पाणी घ्या. एकात चमचाभर गोडे तेल ओता, दुसऱ्यात काकवी हळूच सोडा. तेल तरंगते, काकवी धारेने खाली जाऊन तळाशी बसते. पेट्रोलची टाकी गळली तर पेट्रोल भूजलाच्या वर तरंगते, ते काढणे त्या मानाने सोपे. ट्रायक्लोरोएथिलीन काकवीसारखे खाली जाते. वाळूच्या थरातून ते पाणी भेदून उतरते, चिकणमातीचा थर लागला की त्यावर पसरते, फट सापडली की आणखी खाली जाते. काकवीशी त्याचे साम्य इथेच संपते. काकवी थोड्या वेळाने सगळी विरघळते. हे द्रव पाण्यात अत्यंत थोडे विरघळते. लिटरभर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम! म्हणून तळाशी साचलेला त्याचा साठा वर्षानुवर्षे पुरतो आणि वाहत्या भूजलाला थोडे थोडे विष देत राहतो.

“थोडे थोडे” म्हणजे किती, याचे गणित करू. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात या द्रव्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एक मिलिलिटरचे साधारण २० थेंब होतात असे धरा. मग एका थेंबाचे वजन १.४६ भागिले २०, म्हणजे ०.०७३ ग्रॅम, अर्थात ७३,००० मायक्रोग्रॅम. त्याला ५ ने भागा. उत्तर येते १४,६०० लिटर. पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा असेल तर एक थेंब जवळजवळ दीड टँकर पाणी मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवतो. आणि जमिनीत गळाले होते ते थेंबांनी मोजण्यासारखे नव्हते.

मर्यादा एवढी कडक का? २०११ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हे द्रव्य माणसात कर्करोग निर्माण करणारे असल्याचा निर्वाळा दिला. गर्भवती स्त्रीच्या शरीरात ते गेले तर बाळाच्या हृदयाच्या जडणघडणीत दोष राहू शकतो, अशीही चिंता त्या संस्थेने व्यक्त केलेली आहे. २०२४ च्या डिसेंबरात त्याच्या वापरावर बंदी घालणारा नियमही तिने जाहीर केला.

१९८० मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला होता. विषारी कचऱ्याने बिघडलेल्या जागांची राष्ट्रीय यादी करायची आणि ज्याने घाण केली त्याच्याकडूनच ती साफ करून घ्यायची, हा त्याचा गाभा. लोक त्याला ‘सुपरफंड’ म्हणतात. या यादीतील जागा सर्वांत जास्त कोणत्या जिल्ह्यात असाव्यात? धुराड्यांच्या जुन्या पोलादी मुलखात नव्हे, तर याच सँता क्लारा जिल्ह्यात. स्वच्छ उद्योगाची ही कमाई म्हणायची!

माउंटन व्ह्यूच्या त्या पट्ट्यासाठी सफाईची योजना १९८९ मध्ये ठरली. काही ठिकाणी गळतीभोवती जमिनीत चिकणमातीच्या लगद्याची भिंत घालून विष अडवले. विहिरी खणून दूषित पाणी उपसायचे, कोळशाच्या गाळण्यांतून किंवा हवेच्या झोताखालून काढून शुद्ध करायचे, असा क्रम सुरू झाला. सुरुवातीला विष झपाट्याने कमी झाले. मग त्याचा वेग मंदावला. असे का व्हावे? घासलेट ठेवलेला मातीचा माठ तुम्ही धुऊन पाहिला आहे काय? दहा वेळा धुवा, पाणी भरून ठेवा, सकाळी पुन्हा घासलेटचा वास. माठाच्या भिंतीत शिरलेले घासलेट सावकाश बाहेर येत राहते. खोऱ्यातल्या चिकणमातीच्या थरांचे तेच झाले. वाळूतले पाणी धुऊन निघते, पण मातीत शिरलेले विष पुन्हा पाण्यात झिरपते. पंप दशकानुदशके चालवावे लागतात ते यामुळे.

तरीही लोक निर्धास्त होते, कारण हे उथळ भूजल कुणी पीत नव्हते. शहराचे बहुतेक पाणी दूरच्या सिएरा नेवाडा पर्वतातून नळाने येते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस शास्त्रज्ञांचे लक्ष दुसऱ्याच वाटेकडे गेले. हे द्रव्य उडून जाते, हे आपण पाहिलेच आहे. भूजलाच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ निघते, मातीच्या कणांमधल्या पोकळीतून वर चढते आणि इमारतीच्या तळाशी येऊन थांबते. तेथे काँक्रीटला तडा असेल, नळासाठी पाडलेल्या भोकाभोवती फट असेल, तर ती घरात शिरते.

ती शिरते म्हणण्यापेक्षा घरच तिला ओढून घेते, हे म्हणणे अधिक बरोबर. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे, स्वयंपाकघरात शेगडी चालू असताना आणि वरची झडप उघडी असताना, दाराच्या खालच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर बाहेरून आत वाहताना दिसेल. घरातली उबदार हवा हलकी होऊन वरून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालून हवा येते. अमेरिकेतील घरे हिवाळ्यात बंद आणि तापवलेली असतात. साहजिकच ती जमिनीतून हवा शोषतात. चुलीवरचे धुराडे जसे धूर ओढते तसे.

त्यामुळे २०१० मध्ये त्या पट्ट्यासाठी नवा निर्णय झाला. राहत्या घरातल्या हवेत दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम, कचेरीत ५ मायक्रोग्रॅम, यापेक्षा हे द्रव्य जास्त असता कामा नये. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. आपल्या त्याच एका थेंबाची वाफ अशा दोन हजार खोल्यांना या मर्यादेपर्यंत नेईल. घरासाठी मर्यादा कचेरीपेक्षा पाचपट कडक का, हे लक्षात आले ना? कचेरीत माणूस आठ तास असतो, घरात रात्र काढतो. आणि घरात तान्ही बाळे असतात. नकाशावर जांभळ्याचे पिवळे करणे म्हणजे हवेची ही मर्यादा एकदम पाचपट खाली आणणे.

इतके असताना तेथे घरे बांधायचीच कशाला, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे, पण दुसरी बाजू पाहा. त्या खोऱ्यात नोकऱ्या भराभर वाढल्या आणि घरे मागे पडली. शिक्षक, परिचारिका, बसचालक यांना घर परवडेना. त्यांच्यापैकी कित्येक जण डोंगरापलीकडून दोन-दोन तास मोटार हाकत कामाला येतात. कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक शहराला ठरावीक संख्येची घरे होऊ शकतील अशी जागा नकाशावर दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२३ ते २०३१ या काळासाठी माउंटन व्ह्यूच्या वाट्याला ११,१३५ घरे आली.

ही घरे बैठी बांधली, एकरी सहा, तर १,८५६ एकर जागा हवी. सारे शहरच मुळी सुमारे ७,७०० एकरांचे! म्हणजे शहराचा जवळजवळ चौथा हिस्सा. पण सहा-सात मजली इमारती केल्या आणि एकरी ८० घरे बसवली, तर १४० एकरांत काम भागते. दाट वस्ती हवी ती यासाठी. ती कुठे करायची? बैठ्या घरांच्या मोहल्ल्यात उंच इमारतीचे नाव काढले की शेजारी सभागृह दणाणून सोडतात. कारखान्यांच्या पट्ट्यात शेजारीच नसतात. २०१७ मध्ये शहराने खाडीलगतच्या कचेऱ्यांच्या भागात ९,८५० घरांपर्यंत परवानगी देणारी योजना मंजूर केली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ईस्ट व्हिस्मन भागात ५,००० घरांपर्यंत. हा दुसरा भाग म्हणजे आपण ज्याच्याविषयी बोलत आहोत त्या भूजलाच्या पट्ट्याचाच परिसर. तेथून हलक्या रेल्वेचे स्थानक चालत गाठता येते, ही त्याची जमेची बाजू.

मला या गोष्टीत एक विचित्रपणा दिसतो. सुनावणीला येतात ते आज तेथे राहणारे. त्या इमारतीत उद्या जे राहायला येतील, तिथली हवा ज्यांच्या फुप्फुसांत जाईल, त्यांना अजून आपण तेथे राहणार हे ठाऊकच नसते. त्यांच्या वतीने बोलायला सभागृहात फक्त मोजमापांचे तक्ते असतात. तेव्हा ते तक्ते खरे असले पाहिजेत आणि ते वाचणारी माणसेही तेथे असली पाहिजेत.

अशा जागी सुरक्षित घर बांधता येते. त्याचे शास्त्र अवघड नाही. इमारतीच्या तळाखाली खडीचा थर पसरतात, त्यात भोके पाडलेले नळ आडवे ठेवतात, वर जाड प्लास्टिकचा अभेद्य पडदा अंथरतात आणि मग काँक्रीट ओततात. आडवे नळ एका उभ्या नळाला जोडून तो गच्चीपर्यंत नेतात. तेथे पंखा बसवला की तळाखालची हवा सतत वर ओढली जाते आणि मोकळ्या आकाशात विरते. म्हणजे उदबत्तीच्या प्रयोगातला धूर घरात येण्याआधीच वळवून नेला. गंमत अशी की या कामात बैठ्या घरापेक्षा दाट वस्तीची मोठी इमारत सोयीची पडते. तिच्या तळमजल्यावर मोटारी ठेवायची हवेशीर जागा असते, त्यामुळे जमीन आणि झोपण्याची खोली यांत आपोआप अंतर पडते. शंभर बैठ्या घरांचे शंभर पंखे सांभाळण्याऐवजी एका इमारतीची एकच व्यवस्था पाहावी लागते.

पंखा चालू आहे हे कसे कळावे? तुमच्या प्रयोगशाळेतली यू आकाराची नळी आठवा. छोट्या घरांतून उभ्या नळावर तशीच एक नळी लावतात. तिच्यात रंगीत द्रव असतो. पंखा ओढत असला की दोन भुजांतील पातळ्या खालीवर राहतात. दोन्ही एका रेषेत आल्या की समजावे, पंखा बंद पडला. मोठ्या इमारतींत हेच काम विजेची उपकरणे करतात. हा पंखा एक-दोन वर्षे चालवून भागत नाही. खालचे भूजल स्वच्छ होईपर्यंत तो चालला पाहिजे, आणि ते केव्हा होईल ते माठाची गोष्ट आठवून तुम्हीच ठरवा. एवढ्या काळात कारखानदार बदलतात, इमारतींचे मालक बदलतात. १९७९ मध्ये श्लुंबर्जे या कंपनीने फेअरचाइल्ड विकत घेतली, तिच्याबरोबर जमिनीखालचे देणेही तिच्या गळ्यात पडले. कायदा असा पक्का असला म्हणून बरे. पंख्याचा खर्च कुणी करायचा आणि तो चालू आहे की नाही हे कुणी पाहायचे, हे लिहून ठेवल्याशिवाय नकाशाचा रंग बदलू नये, असे मला वाटते.

आपल्याकडेही जांभळे पट्टे पिवळे होत आहेत. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या मुंबईच्या गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या. ठाण्यात कोलशेत आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूला रसायनांच्या कारखान्यांच्या जागी मोठी गृहसंकुले उभी राहिली. माउंटन व्ह्यूचे ज्ञान इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे वाळू आणि मातीचे आडवे थर आहेत. आपल्याकडे मातीच्या पातळ थराखाली काळा पाषाण असतो आणि पाणी त्याच्या भेगांतून वाहते. भेगा वाकड्यातिकड्या असल्याने दूषित पाणी कुठे निघेल याचा अंदाज अधिक अवघड. आपल्या खिडक्या वर्षभर उघड्या असतात, तळमजल्यावर खांबांमध्ये वाहने उभी असतात, त्यामुळे वाफेचा धोका कमी. पण आपण आवारात कूपनलिका खणतो आणि तिचे पाणी वापरतो. तेव्हा आपल्याकडे आधी तपासायचे ते कूपनलिकेचे पाणी.

तुमच्या गावात असा पट्टा असेल तर शिक्षकांना घेऊन नगररचना विभागात जा आणि जुना व नवा आराखडा शेजारी ठेवून पाहा. त्या जागी काय बनत होते, कोणते रसायन वापरत होते, सांडपाणी कोणत्या बाजूने जात होते, हे विचारा. टाकी नेमकी कुठे पुरली होती, हे मात्र आराखड्यात सापडेलच असे नाही. त्या कारखान्यात तीस वर्षे काढलेले एखादे आजोबा तुमच्या आळीत असतील. त्यांना ते पाऊल न चुकता दाखवता येईल.